व्हांतू पर्वतावरील एक वसंतदिन

दक्षिण फ्रान्समध्ये प्रोव्हान्स नावाचा जो प्रांत आहे, त्यात ऱ्होन नदीच्या पूर्वेस सपाट मुलखातून एकाएकी वर आलेला एक एकटा पर्वत दिसतो. त्याचे नाव मों व्हांतू. उंची सुमारे १,९१० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईहून अडीचशे मीटरनी अधिक. अंगावर ओक, सीडर, बीच व पाइन यांचे दाट रान. माथा मात्र चुनखडीच्या पांढऱ्या खड्यांचा आणि इतका उघडा की, भर उन्हाळ्यातही दुरून पाहणाऱ्यास तेथे बर्फ पडले असावे असा भास होतो. वारा तर असा की, पर्वताच्या नावातच तो शिरला आहे, असे तिकडील लोक समजतात.

या पर्वतावर १३३६ साली, एप्रिलच्या २६ तारखेस, एक एकतीस वर्षांचा कवी चढून गेला. हा कवी म्हणजे इटलीचा पेत्रार्क. आपल्याकडे परंपरा विजयनगरच्या स्थापनेचे जे वर्ष सांगते, तेच हे वर्ष. त्या काळी पोपचे ठाणे रोम सोडून आव्हिन्यों नगरात आले होते आणि पेत्रार्कचे कुटुंबही त्याच्या बालपणीच त्या बाजूस येऊन राहिले होते. लहानपणापासून व्हांतू त्याच्या डोळ्यांसमोर होता. एके दिवशी लिव्हीचा रोमन इतिहास वाचताना मॅसिडोनियाचा राजा फिलिप हा दोन समुद्र एकदम दिसतात म्हणून हीमस पर्वतावर चढला, अशी हकीकत त्याच्या वाचनात आली. आणि जे राजाने वृद्धपणी केले ते आपण तरुणपणी करावयास काय हरकत आहे, असे त्याच्या मनाने घेतले.

सोबतीस कोणास न्यावे याविषयी त्याने केलेला विचार मोठा मौजेचा आहे. एक मित्र फार मंद, दुसरा फार उतावळा. एक फार उदास, दुसरा फार आनंदी. कोणी अतिलठ्ठ, तर कोणी फारच अशक्त. घरी जे दोष प्रेमाने खपून जातात, ते वाटेवर जड होतात. डोंगर चढलेल्या कोणासही हे पटेल. शेवटी त्याने आपला धाकटा भाऊ गेरार्दो यास बरोबर घेतले. दोन नोकर घेऊन दोघे भाऊ पायथ्याच्या मालोसेन गावी आले, तेथे एक दिवस राहिले आणि मग पहाटे निघाले.

डोंगराच्या एका खोऱ्यात त्यांना एक म्हातारा मेंढपाळ भेटला. त्याने त्यांना पुष्कळ विनविले की, बाबांनो, वर जाऊ नका. पन्नास वर्षांपूर्वी अशाच तारुण्याच्या उमेदीने आपण शिखरापर्यंत गेलो होतो. हाती लागले ते श्रम आणि पश्चात्ताप. खडकांनी अंग सोलले आणि काट्यांनी कपडे फाडले. आपल्या आधी अगर नंतर कोणी तिकडे गेल्याचे त्याच्या ऐकिवात नव्हते. तरुण ऐकत नाहीत असे पाहताच त्याने थोडे पुढे येऊन खडकांतून जाणारी चढणीची वाट दाखविली आणि पाठीमागून हाका मारून सूचना दिल्या. जादा कपडे व अडचणीच्या वस्तू त्याच्यापाशी ठेवून मंडळी पुढे निघाली.

गेरार्दो धारेने सरळ वर गेला. पेत्रार्क मात्र सोपी वाट शोधीत पुन्हा पुन्हा दरीत उतरे आणि थकून, वरमून भावाला गाठी. असे काही तासांतच तीन-चार वेळा झाले. अखेर एका खोलगट जागी बसून, आत्म्याची चढण आणि पायांची चढण यांत काय साम्य आहे, यावर त्याने बराच विचार केला. दमलेल्या माणसास तत्त्वज्ञान लवकर सुचते.

सर्वांत उंच शिखराला रानातले लोक ‘लेकरू’ अशा अर्थाच्या नावाने ओळखीत. जे भोवतालच्या सर्व डोंगरांचा बाप शोभावे, त्याला लेकरू का म्हणतात, याचे पेत्रार्कला नवल वाटले. माथ्यावर पोहोचल्यावर ढग पायांखाली आले. इटलीच्या दिशेला आल्प्सची हिमशिखरे अगदी जवळ भासली. मार्सेयच्या बाजूचा समुद्र दिसला. ऱ्होन तर डोळ्यांखालीच वाहत होती. मग त्याने बरोबर आणलेले संत ऑगस्टिनचे आत्मनिवेदन सहज उघडले. तेथे जो मजकूर निघाला, त्यात पर्वत-सागरांचे कौतुक करणारे मानव स्वतःकडे पाहण्यास विसरतात, असा ठपका होता. कवी वरमला, आणि उतरताना पायथा येईपर्यंत एक शब्दही बोलला नाही. रात्री चांदण्यात ते खाणावळीत परतले. नोकर जेवणाच्या तयारीत असता त्याने हा सर्व वृत्तांत आपला गुरू दिओनिजी या ऑगस्टिनपंथी साधूला लिहून काढला, असे ते पत्रच सांगते.

या एका पत्रावर पुढे मोठी इमारत उभी राहिली. १८६० साली बुर्कहार्ट या स्विस इतिहासकाराने इटलीतील प्रबोधनकाळावरील आपल्या ग्रंथात या चढाईला मानाचे स्थान दिले. आणि केवळ पाहण्याच्या आनंदासाठी पर्वत चढणारा पहिला आधुनिक मनुष्य, ही पेत्रार्कची कीर्ती सर्वत्र झाली. विसाव्या शतकात मात्र शंका निघाल्या. ज्याच्या नावे पत्र आहे तो दिओनिजी १३४२ साली वारला. गेरार्दो १३४३ साली मठात गेला. तेव्हा सरळ वाटेने वर जाणारा भाऊ हे पत्रातील चित्र त्या घटनेनंतर रंगविलेले दिसते. हे पत्र आजच्या रूपात १३५३ च्या सुमारास लिहिले गेले असावे, असे बिल्लानोविच या इटालियन पंडिताने १९६६ साली मांडले. चढण झालीच नाही, असेही काही जण मानतात. इतके टोक गाठण्याचे कारण दिसत नाही. गणित करून पाहिले तर ती तारीख शुक्रवारची येते, आणि चंद्र पौर्णिमेचा. आपल्या पंचांगाने वैशाखातला. चांदणे तरी खरे असले पाहिजे. पत्र सावकाश घडविलेले आहे, पण त्याच्या तळाशी एक खराखुरा थकलेला दिवस आहे, असे मानणे अधिक सयुक्तिक.

पहिलेपणाचा हक्क मात्र टिकत नाही. पॅरिसचा तत्त्वज्ञ जाँ ब्युरिदाँ हा त्याच सुमारास, बहुधा थोडा आधीच, हवेचे निरीक्षण करण्यासाठी या पर्वतावर गेला होता. आणि ब्युरिदाँ बाजूला ठेवला, तरी पेत्रार्कच्याच पत्रात त्याच्या अर्धशतक अगोदर शिखरावर जाऊन आलेला मनुष्य उभा आहे. तो मेंढपाळ कोणत्या कामासाठी वर गेला, हे तो सांगत नाही. तारुण्याची उमेद एवढेच कारण देतो. म्हणजे जे कारण पेत्रार्कचे, तेच त्याचे. फरक इतकाच की, त्याला लिहिता येत नव्हते, किंवा येत असले तरी त्याचे पत्र वाचावयास कोणी साधू नव्हता.

पर्वताचे पुढे जे झाले, त्यातही अशा मेंढपाळांचा भाग आहे. तूलोंच्या गोदीत जहाजे बांधण्यासाठी लाकूड, भट्ट्यांसाठी कोळसा आणि मेंढरांसाठी चराई, या तिन्हींनी शतकानुशतके व्हांतूला ओरबाडले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास त्याच्या उतारांवर बहुतेक दगडच उरले. बुर्कहार्टचा ग्रंथ निघाला त्याच १८६० साली फ्रान्सने डोंगरांवर पुन्हा रान वाढविण्याचा कायदा केला. पुढच्याच वर्षी बेदुआं गावाने आपल्या बाजूच्या उतारांवर लागवड सुरू केली. ओक पेरले, ॲटलस पर्वतातले सीडर आणून लाविले, चराईला बंधने आली. आज प्रवाशाला वसंतात जी गर्द सावली लागते, ती बरीचशी या लागवडीची आहे. १९९० साली युनेस्कोने या पर्वताला संरक्षित जीवावरणक्षेत्र म्हणून मान्यता दिली.

पेत्रार्कच्या पत्रात झाडांविषयी फारसे काही नाही. मेंढपाळाचे नावही नाही. सकाळी त्याच्यापाशी ठेवलेले कपडे परतताना कोणी घेतले की नाही, हेही त्यात लिहिलेले नाही.