द बर्निंग ट्रेन
हिंदी संकटपट (१९८०). निर्माते बी. आर. चोप्रा, दिग्दर्शक रवी चोप्रा, संगीत राहुलदेव बर्मन. धर्मेंद्र, विनोद खन्ना, जितेंद्र, हेमा मालिनी, परवीन बाबी, नीतू सिंग, डॅनी असा ताफा. दिल्लीहून मुंबईला निघालेल्या नव्या ‘सुपर एक्सप्रेस’चे ब्रेक घातपाताने निकामी होतात, पुढे डबे पेटतात.

सुमारे तीन तासांचा हा चित्रपट लांबलेला वाटतो, पण दोष निव्वळ लांबीचा नाही. ‘शोले’ (१९७५) याहून मोठा असूनही सैल पडत नाही, कारण त्यातल्या डाकू गब्बरची दहशत तो पडद्यावर नसतानाही कथा ओढत राहते. इथे मैत्री, प्रेमभंग, संसारातली कुरबुर यांतच बराच वेळ जातो आणि गाडी उशिरा सुटते. प्रत्येक कलाकाराला गाणे आणि पूर्वकथा देणे ही बहुतारांकित चित्रपटाची गरजच होती, असा बचाव करता येईल. प्रवाशांशी ओळख झाल्याशिवाय त्यांच्या जिवाची काळजी कशी वाटावी, हेही खरे. पण पेटत्या गाडीत शाळकरी मुले प्रार्थना म्हणतात, तो प्रसंग या बचावाला छेद देतो. त्या मुलांची पूर्वकथा जवळपास नाहीच, तरी चित्रपटातला सर्वांत परिणामकारक क्षण त्यांचाच.