वैयक्तिक डिजिटल संग्रहाचा बॅकअप

वैयक्तिक डिजिटल संग्रहाचा बॅकअप म्हणजे घरातील छायाचित्रे, चित्रफिती, ध्वनिमुद्रणे आणि स्कॅन केलेली कागदपत्रे यांच्या मूळ संचिकांपासून स्वतंत्र अशा प्रती राखणे. मूळ नष्ट झाल्यास या प्रतींवरून संग्रह पुन्हा उभा करता येतो. मोबाइलमधील छायाचित्रे बाह्य हार्ड डिस्कवर नेऊन मोबाइलमधून पुसून टाकणे हा बॅकअप नव्हे. तेथे प्रत एकच राहते, फक्त तिची जागा बदलते.

३-२-१ नियम

अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांच्या 'द डॅम बुक' या ग्रंथामुळे हा नियम प्रसिद्ध झाला. मूळ धरून एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यांपैकी एक घराबाहेर, असे त्याचे स्वरूप आहे. यातील शेवटची अट सर्वाधिक दुर्लक्षिली जाते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला व असंख्य घरांत पाणी शिरले. अशा प्रसंगी एकाच कपाटातील तीन प्रतींना एका प्रतीइतकेच मोल उरते. घराबाहेरील प्रत क्लाउड सेवेवर ठेवता येते किंवा दुसऱ्या गावातील नातेवाइकांकडे एक हार्ड डिस्क ठेवून ती दर भेटीत अद्ययावत करता येते.

बॅकअप नसलेल्या व्यवस्था

एकाच वेळी दोन डिस्कवर लिहिणारी रेड व्यवस्था एक डिस्क बंद पडल्यास काम चालू ठेवते. परंतु चुकून पुसलेली संचिका दोन्हींवरून तत्क्षणी जाते. मोबाइल आणि क्लाउड यांच्यातील समक्रमणालाही हाच दोष लागू होतो, मात्र काही सेवा पुसलेल्या संचिका ठरावीक दिवस राखून ठेवतात. सतत जोडलेली बाह्य डिस्क रॅन्समवेअरच्या तावडीत सापडू शकते, म्हणून प्रत काढून झाल्यावर ती विलग करणे इष्ट. व्हॉट्सॲपवरून सामान्य पद्धतीने पाठवलेले छायाचित्र संकुचित होते. त्यामुळे कुटुंबाच्या गटातील प्रतीला मूळ मानता येत नाही.

पडताळणी

पिक्सारच्या 'टॉय स्टोरी २' या चित्रपटाचे काम चालू असताना १९९८ मध्ये एका चुकीच्या आज्ञेमुळे त्याच्या बहुतांश संचिका पुसल्या गेल्या. बॅकअप होता, पण तो नीट होत नसल्याचे तेव्हाच उघड झाले. बाळंतपणानंतर घरून काम करणाऱ्या तंत्रनिर्देशक गॅलिन सुस्मन यांच्या घरच्या संगणकावरील प्रतीमुळे काम वाचले. एवढ्या मोठ्या स्टुडिओला घरच्या संगणकाने तारावे, हे बोलके आहे.

घरगुती संग्रहासाठी वर्षातून एकदा काही संचिका बॅकअपवरून परत आणून उघडून पाहणे पुरेसे ठरते. मोठ्या संग्रहात प्रत्येक संचिकेची एसएचए-२५६ सारखी अंकमुद्रा नोंदवून ठेवतात. एक बिट जरी बदलला तरी मुद्रा जुळत नाही. सीडी-आर चकतीतील रंगद्रव्याचा थर उष्णता व प्रकाशाने खराब होतो, तर वीजपुरवठ्याविना पडून राहिलेल्या एसएसडीतील विद्युतभार हळूहळू क्षीण होतो. त्यामुळे काही वर्षांनी संग्रह नव्या माध्यमावर उतरवावा लागतो.

कूटबद्ध केलेली डिस्क चोरीला गेली तरी खासगी मजकूर सुरक्षित राहतो. मात्र परवलीचा शब्द एकाच व्यक्तीला ठाऊक असल्यास तिच्या पश्चात कुटुंबीयांनाही तो संग्रह उघडता येत नाही. म्हणून हा शब्द कागदावर लिहून घरातील दस्तऐवजांबरोबर ठेवण्याची पद्धत आहे.