नव्या प्रवेश परवान्यावर जुन्या सर्व्हरचा वापर : नियम एकाच दिशेचा

सर्व्हर विकत घेतला की कार्यालयातील सर्वांना तो वापरण्याचा अधिकार आपोआप मिळतो, असा समज सर्वत्र आढळतो. मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या विंडोज सर्व्हर या प्रणालीबाबत तो खरा नाही. ज्या यंत्रावर ही प्रणाली चालते त्या यंत्राचा परवाना वेगळा आणि तिची सेवा घेणाऱ्या प्रत्येक व्यक्तीचा अथवा उपकरणाचा परवाना वेगळा असतो. या दुसऱ्या परवान्यास ‘क्लायंट ॲक्सेस लायसन्स’ आणि बोलण्यात ‘कॅल’ असे म्हटले जाते. जुना सर्व्हर चालू असताना बाजारात मिळणारे नव्या आवृत्तीचे कॅल त्यास चालतील काय, हा प्रश्न खरेदीच्या वेळी वारंवार उपस्थित होतो.

कॅल म्हणजे संगणकात भरावयाची आज्ञावली नव्हे. तो केवळ कायदेशीर अधिकार असून त्याचे अस्तित्व कागदोपत्री असते. त्याचे प्रकार दोन. व्यक्तीच्या नावे घेतलेल्या ‘यूजर कॅल’वर ती व्यक्ती कार्यालयातील संगणक, घरचा संगणक व मोबाईल अशा कितीही उपकरणांवरून सर्व्हरपर्यंत पोहोचू शकते. ‘डिव्हाइस कॅल’ उपकरणासाठी असतो आणि त्या उपकरणावर कितीही जणांनी काम केले तरी तो एकच पुरतो. तीन पाळ्यांत चालणाऱ्या कारखान्यात वा रुग्णालयात एकाच संगणकावर तीन कर्मचारी आळीपाळीने बसत असतील, तर दुसरा प्रकार उघडच स्वस्त पडतो. विंडोज २००० च्या काळापर्यंत हिशेब प्रति सर्व्हर किंवा प्रति आसन अशा पद्धतीने होत असे. व्यक्तीच्या नावे कॅल देण्याची सोय विंडोज सर्व्हर २००३ पासून झाली. स्टँडर्ड व डेटासेंटर या दोन्ही प्रकारच्या सर्व्हरना एकच कॅल चालतो.

आवृत्तीचा नियम थोडक्यात असा : कॅलची आवृत्ती सर्व्हरच्या आवृत्तीइतकी किंवा तिच्यापेक्षा नवी असली पाहिजे. त्यामुळे २०२२ चा कॅल असलेल्या कर्मचाऱ्यास २०२२ बरोबरच २०१९ व २०१६ या आवृत्तींचे सर्व्हरही वापरता येतात; त्यासाठी वेगळे काही घ्यावे लागत नाही. उलट दिशेने मात्र ही सवलत नाही. २०१९ चा कॅल २०२२ च्या सर्व्हरला चालत नाही. अपवाद २०१२ चा. त्या आवृत्तीचे कॅल पुढे आलेल्या २०१२ आर-टू या आवृत्तीसही लागू होते. घाऊक परवाना योजनेत सामान्यतः चालू आवृत्तीचेच कॅल विकले जातात. त्यामुळे जुना सर्व्हर असलेल्या संस्थेने दहा कर्मचारी वाढल्यावर मागणी नोंदवली, की तिच्या हाती नव्या आवृत्तीचे कॅल येतात. विक्रेत्याने चुकीचा माल दिला, असा त्याचा अर्थ होत नाही.

खरी आर्थिक अडचण उलट बाजूने येते. समजा, एका कार्यालयात ६० कर्मचारी असून त्या सर्वांसाठी २०१६ चे यूजर कॅल आहेत. सर्व्हर चार आहेत आणि तेही २०१६ चेच. त्यांपैकी प्रवेशाची ओळख तपासणारा, म्हणजे डोमेन कंट्रोलरचे काम करणारा एक सर्व्हर बदलून तेथे २०२५ ची आवृत्ती बसवण्यात आली. सकाळी संगणक सुरू करून सांकेतिक शब्द देणारा प्रत्येक जण आता त्या नव्या सर्व्हरची सेवा घेतो. परिणामी एका सर्व्हरसाठी सर्व ६० कॅल नव्याने घ्यावे लागतात. फाईल व छपाईच्या सेवेसही हाच न्याय लागू आहे. इतकेच काय, संगणकांना नेटवर्कवरील पत्ता वाटून देणारी डीएचसीपी सेवादेखील त्यातून सुटलेली नाही. कॅलवर ‘सॉफ्टवेअर ॲशुरन्स’ ही मुदतीची योजना चालू असल्यास नव्या आवृत्तीचा हक्क तिच्यातच मिळतो. नव्या सर्व्हरच्या अंदाजपत्रकात यंत्राची किंमत ठळकपणे मांडली जाते आणि कॅलची रक्कम राहून जाते, ती याच ठिकाणी.

आभासी यंत्रांच्या बाबतीत नियम काहीसा उदार आहे. एखाद्या यंत्रावर २०२२ ची आवृत्ती बसवून तिचा उपयोग फक्त आभासी सर्व्हर चालवण्यासाठी केला आणि त्या आभासी सर्व्हरमध्ये २०१६ ची आवृत्ती ठेवली, तर वापरकर्त्यांना २०१६ चे कॅल पुरेसे ठरतात. वापरकर्ता ज्या आवृत्तीची सेवा घेतो ती विचारात घेतली जाते, खालच्या यंत्रावरील नव्हे.

दूरस्थ पद्धतीने सर्व्हरवर काम करण्याच्या ‘रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस’साठी नेहमीच्या कॅलशिवाय आणखी एक कॅल लागतो आणि तेथे प्रकरण कागदावर थांबत नाही. साधे कॅल सर्व्हर स्वतः मोजत नाही. दूरस्थ सेवेचे कॅल मात्र एका परवाना सर्व्हरवर प्रत्यक्ष नोंदवावे लागतात. वरचा नियम येथेही आहे : २०२२ चे कॅल २०१९ च्या सत्र सर्व्हरला चालतात, २०१६ चे चालत नाहीत. परंतु परवाना सर्व्हरची आवृत्ती नोंदवावयाच्या कॅलइतकी किंवा त्याहून नवी असावी लागते. त्यामुळे २०१६ च्या परवाना सर्व्हरवर २०२२ चे कॅल नोंदवताच येत नाहीत. हक्क आहे, पण यंत्र तो स्वीकारत नाही, अशी स्थिती निर्माण होते आणि पुष्कळ तंत्रज्ञ येथेच गोंधळतात. यावर सरळ मार्ग म्हणजे परवाना सर्व्हर तेवढा नव्या आवृत्तीवर नेणे. सत्र सर्व्हर जुना राहिला तरी हरकत नसते. नव्या सत्र सर्व्हरला १२० दिवसांची सवलत असते. ती संपेपर्यंत सर्व काही सुरळीत चालते आणि चूक असल्यास ती चार महिन्यांनी, जोडणी नाकारली गेल्यावर उघडकीस येते. उपकरणाच्या नावे असलेले कॅल संख्येपेक्षा अधिक वाटले जात नाहीत. व्यक्तीच्या नावे असलेले वाटले जाऊ शकतात, मात्र तो कराराचा भंग ठरतो.

मध्ये एखादी आज्ञावली ठेवून, सर्व्हरशी तिचीच एक जोडणी दाखवून कॅलची संख्या कमी करता येत नाही. पलीकडे बसलेली माणसे मोजली जातात. सर्वसामान्यांसाठी खुल्या असलेल्या संकेतस्थळाला ओळख न देता भेट देणाऱ्यांना कॅल लागत नाही. एसेन्शियल्स या लहान आवृत्तीतही २५ वापरकर्ते व ५० उपकरणांपर्यंत कॅलची आवश्यकता नसते.

नवा कॅल जुन्या सर्व्हरला चालतो म्हणून त्या सर्व्हरचे आयुष्य वाढत नाही. विंडोज सर्व्हर २००८ चे नियमित साहाय्य १४ जानेवारी २०२० रोजी आणि २०१२ व २०१२ आर-टू यांचे १० ऑक्टोबर २०२३ रोजी संपले. २०१६ साठी १२ जानेवारी २०२७ आणि २०१९ साठी ९ जानेवारी २०२९ या तारखा कंपनीने जाहीर केलेल्या आहेत.