शहाण्णव छेदांची संख्या

व्यापाऱ्याच्या जिभेवर लाख-कोटी सहज रुळतात. परंतु एकोणतीस अंकी रक्कम मांडण्याचा प्रसंग कोणत्याही पेढीवर येत नाही. आपल्या आगमग्रंथांत मात्र अशी एक संख्या आहे आणि ती श्वेतांबर व दिगंबर अशा दोन्ही परंपरांनी जतन केली आहे. ती अशी :

७९,२२,८१,६२,५१,४२,६४,३३,७५,९३,५४,३९,५०,३३६

अनुयोगद्वारसूत्र या श्वेतांबर आगमात मनुष्यांच्या संख्येचा विचार करताना ती येते. दोनाचा वर्ग चार, हा पहिला वर्ग. चाराचा सोळा, सोळाचा २५६, त्याचा ६५,५३६. पाचवा वर्ग ४,२९,४९,६७,२९६, तर सहावा वीस अंकी. या पाचव्या व सहाव्या वर्गांचा गुणाकार म्हणजे ही संख्या. तिची दुसरी ओळखही तेथेच दिली आहे : जी शहाण्णव वेळा निम्मी करता येते ती.

आम्हा कापडवाल्यांना हे समजणे कठीण नाही. कापडाची एक घडी घातली की दोन पदर, दुसरीला चार, तिसरीला आठ. पाचव्या वर्गाएवढ्या पदरांना बत्तीस घड्या लागतील, सहाव्याला चौसष्ट. दोन्हींच्या गुणाकाराला बत्तीस अधिक चौसष्ट, म्हणजे शहाण्णव.

निम्मे करण्याच्या या गणतीला ‘अर्धच्छेद’ म्हणतात. वीरसेनाचार्यांनी इ. स. ८१६ मध्ये पूर्ण केलेल्या धवला टीकेत अर्धच्छेदांचे नियम आले आहेत. गुण्य व गुणक यांच्या अर्धच्छेदांची बेरीज म्हणजे गुणाकाराचे अर्धच्छेद, हा त्यांतील एक. बी. कॉम.च्या वर्गात लॉगरिथमची कोष्टके वापरताना आम्ही हेच तत्त्व वापरीत होतो. जॉन नेपियर यांची कोष्टके १६१४ सालची, हे तेव्हा शिकलो. अर्धच्छेदांविषयी मात्र उतारवयात वाचले.

दहाव्या शतकातील नेमिचंद्र सिद्धांतचक्रवर्ती यांनी गोम्मटसारात ही संख्या वेगळ्या मार्गाने सांगितली आहे : पाचव्या वर्गाचा घन. बत्तीस त्रिक शहाण्णव! शिवाय एकेका अंकासाठी एकेक अक्षर योजून, एकक स्थानापासून, सर्व एकोणतीस अंक त्यांनी गाथेत गुंफले. त्यामुळे एकही अंक निसटला नाही.

ही आजच्या अर्थाने शिरगणती नव्हे. आगमातील मनुष्यलोक अडीच द्वीपांचा आहे. जगाची लोकसंख्या २०२२ साली ८०० कोटी झाली. ती तेहतीस वेळा निम्मी केली तर एकाच्याही आत येते. म्हणून या संख्येचा अभिमान धरायचा तो तिच्या मोठेपणाचा नव्हे, हिशेबाच्या चोखपणाचा.

धवलेच्या ताडपत्रीय प्रती मूडबिद्री येथे शतकानुशतके केवळ दर्शनासाठी होत्या. मुंबईचे शेठ माणिकचंद व सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद या व्यापाऱ्यांच्या प्रयत्नांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्या नकला सुरू झाल्या. पुढे प्रा. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली १९३९ पासून अमरावतीहून धवला छापली जाऊ लागली. ग्रंथ वेष्टनातून बाहेर आला, तेव्हाच त्यातील गणित जगाला दिसले.

रोजमेळ एकाने लिहावा, खतावणी दुसऱ्याने. आणि शेवटी शिल्लक जुळावी, तसे या संख्येचे आहे. दोन आम्नाय, दोन रीती, उत्तर एकच. संस्थेच्या पन्नास वर्षांच्या पूर्तीनिमित्त एवढीच विनंती, की आपल्या कपाटातील वेष्टनेही सोडावीत आणि मुलांना हा गुणाकार एकदा हाताने करावयास लावावा.

जय जिनेंद्र!