चहाचे प्रायश्चित्त

आमच्या बीडकडे पाहुणा "चहा नको" म्हणाला, की यजमानाला वाटते, मागचे भांडण अजून मिटलेले नाही! म्हणून पोटात जागा नसली तरी बशीभर चहा भुरकावाच लागतो. पण चहा पिऊन भांडण ओढवून घ्यावे, तर पुणेकरांनीच. ऑक्टोबर १८९० मध्ये गोपाळराव जोशी (डॉ. आनंदीबाईंचे यजमान) यांच्या खटपटीने रानडे, टिळक, गोखले आदी मंडळी पंचहौद मिशनमध्ये जमली. पुढ्यात चहा-बिस्किटे आली. कुणी प्याले, कुणी नुसता हात लावला. गोपाळरावांनी सगळ्यांचीच नावे छापून आणली! प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी बसली. रानड्यांनी अखेर १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले.

हसू येते खरे. पण आमच्या मराठवाड्यात हॉटेलाबाहेर वेगळ्या ठेवलेल्या, दलितांनी स्वतःच विसळून ठेवायच्या कपबश्या आठवल्या, की ते हसू घशात अडकते. १९५५ च्या कायद्याने तो गुन्हा ठरला, तरी त्या कपबश्या काही लगेच हलल्या नाहीत. एका घोटासाठी पुण्यात केवढे रामायण झाले! या कपबश्यांबद्दल कुणी प्रायश्चित्त घेतल्याचे मात्र ऐकिवात नाही.