टीपकागदाची साक्ष

शास्त्राच्या इतिहासांत मानाचीं पानें बहुधा सिद्धांतांच्या वांट्यास येतात. हत्यारांची आणि युक्त्यांची बोळवण तळटीपेंत होते. परंतु अडलेली वाट पुष्कळदां एखाद्या साध्या युक्तीनेंच मोकळी होते. प्रथिनें पटलावर उतरवून घेण्याची पद्धति हें त्याचें उत्तम उदाहरण होय, असें आम्हांस वाटतें.

१९७० सालीं लेम्ली यांनीं प्रसिद्ध केलेल्या रीतीनें पेशींतील मिश्र प्रथिनें विजेच्या साहाय्यानें लुसलुशीत जेलमधून ओढून आकारमानाप्रमाणें वेगळीं करितां येऊं लागलीं. लहान प्रथिन पुढें धांवतें, मोठें मागें रेंगाळतें. पण अमुक पट्टा अमुक प्रथिनाचाच, हें ठरवावें कसें? विशिष्ट प्रथिनास नेमकें ओळखणारे प्रतिपिंड उपलब्ध होते. परंतु जेलच्या दाट जाळ्यांत त्यांचा शिरकाव कठीण. आरोपी आंत आणि ओळख पटविणारा साक्षीदार बाहेर, अशी ही स्थिति होती.

वाट दाखविली ती शेजारच्या शाखेनें. १९७५ सालीं एडिंबरो येथील एडविन सदर्न यांनीं डीएनएचे तुकडे जेलमधून नायट्रोसेल्युलोजच्या पटलावर उतरविले. जेलवर पटल, आणि पटलावर कोरड्या कागदांची चळत. कागदांनीं द्रावण वर शोषून घेतलें व त्याबरोबर आलेले तुकडे पटलास चिकटले. ओलें अक्षर टीपकागदावर उमटतें, तसाच हा प्रकार! सदर्न या आडनांवाचा अर्थ ‘दक्षिणेकडील’. म्हणून १९७७ सालीं स्टॅनफर्ड येथें आरएनएसाठीं निघालेल्या अशाच पद्धतीस विनोदानें ‘नॉर्दर्न’ म्हणजे ‘उत्तरेकडील’ म्हणूं लागले.

१९७९ सालीं प्रथिनांची पाळी आली. स्टॅनफर्ड येथें स्टार्क यांच्या प्रयोगशाळेनें, आणि स्वित्झर्लंडांत बाझल येथें टोबिन, श्टेहेलिन व गॉर्डन यांनीं हें कार्य साधिलें. बाझलकरांनीं कागदाच्या शोषणावर विसंबून न राहतां विजेच्याच जोरावर प्रथिनें पटलावर ओढलीं. आज सर्वत्र रूढ आहे ती मुख्यत्वें हीच रीत. तथापि १९८१ सालीं अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सिअॅटल येथून नील बर्नेट यांनीं आपल्या अशाच पद्धतीस ‘वेस्टर्न’ हें नांव दिलें, आणि तेंच चिरस्थायी झालें. नांव गमतीचें आहे खरें. पण त्यांत बाझलचा मागमूसही उरला नाहीं, हें इतिहासकारानें नमूद केलेंच पाहिजे.

या युक्तीचें खरें बळ दुहेरी साक्षींत आहे. पट्ट्याची जागा प्रथिनाचें आकारमान सांगते. प्रतिपिंड त्याची ओळख पटवितो. या साक्षीवर केवळ विद्वानांचे वादच नव्हे, तर माणसांचीं आयुष्येंही अवलंबून राहिलीं. १९८५ सालीं अमेरिकेंत एड्सच्या विषाणूसाठीं रक्ताची पहिली चांचणी निघाली. ती सोपी होती, परंतु क्वचित् निरोगी मनुष्यासही बाधित ठरवी. अशा वेळीं विषाणूचीं प्रथिनें उमटविलेल्या पट्टीवर त्या मनुष्याचा रक्तरस घालीत, आणि ठराविक जागीं पट्टे उमटतात कीं नाहीं हें पाहूनच अखेरचा शब्द उच्चारीत. कधीं कधीं ही साक्षही संदिग्ध निघे. पुढें बाधा अधिक लवकर ओळखणाऱ्या चांचण्या निघाल्या व २०१४ सालीं तेथील रोगनियंत्रण केंद्रानें त्यांची शिफारस केली. प्रयोगशाळांत मात्र ही पद्धति अद्याप नित्याची आहे.

एकाच पुराव्यावर निर्णय देऊं नये, हें न्यायाचें जुनें तत्त्व. तें प्रयोगशाळेंत पाळणें शक्य झालें, याचें पुष्कळसें श्रेय टीपकागदासारख्या सामान्य वस्तूकडे जातें, हें आम्ही विसरतां कामा नये.