शकुनविचाराच्या अभ्यासाकडे

यवतमाळहून नागपूरकडे जाताना कळंब लागते. तिथले चिंतामणीचे मंदिर जमिनीच्या पातळीखाली आहे. पायऱ्या उतरून दर्शनाला जावे लागते. गृत्समद ऋषी इथलाच, असे परंपरा मानते. विनोबांनी त्याच्यावर लेख लिहून ही परंपरा मराठी वाचकांपुढे ठेवली आणि कापसाच्या लागवडीचे श्रेयही त्याला दिले. काटेकोर अभ्यासकाने यावर हरकत घ्यावीच. ऋग्वेदात लोकर आहे, कापूस नाही. त्यातल्या प्रमुख नद्या सप्तसिंधूतल्या आहेत, वर्धा-पैनगंगा नव्हेत. शिवाय रायगडातले महडही गृत्समदावर हक्क सांगते. पण मी स्तोत्र विणत असताना धागा तुटू देऊ नकोस, असे वरुणाला विनवणारा ऋषी कापूसपट्ट्याला आपला वाटला, यात नवल काही नाही.

शकुनाच्या अभ्यासकाला याच गृत्समदापासून सुरुवात करता येते. ऋग्वेदातल्या त्याच्या कुळाच्या दुसऱ्या मंडलात 43 सूक्ते आहेत. अखेरची दोन, प्रत्येकी तीन ऋचांची, कपिंजल पक्ष्याला उद्देशून आहेत. हा पक्षी म्हणजे तित्तिर, असे बरेच जण मानतात. ऋषी प्रवासाला निघाला तेव्हा इंद्रच हे रूप घेऊन त्याच्या उजव्या अंगाला येऊन बसला, अशी कथा 'बृहद्देवते'त येते. सूक्तातला ऋषी पक्ष्याशी थेट बोलतो: घराच्या उजवीकडून शुभ बोल, ससाण्याने तुला मारू नये, तिरंदाजाने तुला गाठू नये. शकुन झाला आणि ऋषीने मुकाट्याने फळ पाहिले, असे इथे नाही. तो पक्ष्याकडे चांगला शब्द मागतो आणि त्याच्या जिवाचीही काळजी करतो. पुढे वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'पर्यंत आपण येतो तेव्हा दिशा, वेळ, आवाज यांचे शास्त्र झालेले असते. माहिती वाढली, ही जवळीक मात्र आटली, असे माझे मत आहे.

याच विचाराचे दुसरे टोक शीख परंपरेत सापडते. भाई गुरदासांनी आपल्या पाचव्या 'वारे'त, म्हणजे पंजाबी दीर्घ पद्यरचनेत, लोकांच्या शकुनांची यादीच दिली आहे: गाढव, कुत्रे, मांजर, घार, कोल्हा, शिंक, उचकी. यवतमाळच्या कुठल्याही आजीला ती परकी वाटणार नाही. गुरू अमरदास तिथी-वार पाळणाऱ्यांना मूढ म्हणतात. 1604 मध्ये आदिग्रंथ सिद्ध करणारे गुरू अर्जनदेव मात्र वेगळीच मेख मारतात: ज्याच्या चित्तात परमेश्वर नाही, त्यालाच शकुन-अपशकुन बाधतात. मांजर आडवे गेल्याने काय होते, हा वाद ते घालतच नाहीत. नामस्मरण करणाऱ्यापुढे शकुनाचे काही चालत नाही, एवढेच सांगतात. ही भक्तीची भूमिका आहे. तिला आजच्या अंधश्रद्धा-निर्मूलनाच्या साच्यात कोंबू नये.

हा विषय मराठी माणसाला दूरचा नाही. त्याच आदिग्रंथात नामदेवांची 61 पदे आहेत. त्यांचे वास्तव्य झालेल्या पंजाबातल्या घुमानला 2015 मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, आणि चार वर्षांनी तेच यवतमाळला आले.

नव्या अभ्यासकाचे इथे मनापासून स्वागत. ग्रंथ वाचाच, पण मृगाच्या आधी गावातही फिरा. पावशा 'पेरते व्हा' ओरडतो, टिटवीची अंडी उंचवट्यावर दिसली की औंदा पाऊस बरा म्हणतात, आणि पंचांगात नक्षत्राचे वाहन बेडूक की म्हैस हे पाहिले जाते. कोरडवाहू कापसाला वेळेवर पाऊस मिळाला नाही तर दुबार पेरणी डोक्यावर बसते. एवढी जोखीम असताना माणूस पाखराचे ऐकतो, हे समजून घ्या आणि मगच मत बनवा. नोंदी करताना खरे ठरलेले शकुन तुम्हाला कुणीही सांगेल. फसलेले मुद्दाम विचारा आणि तेही तारीख घालून लिहून ठेवा.